सायकेडेलिकच्या अंमलाखाली संमोहन: कुणाचं वाक्य मनात उतरतं?

रानजाई (धागाकर्ती)

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. सायकेडेलिक म्हणजे काही तास जाणीव बदलून टाकणारी द्रव्यं. मशरूममधलं सायलोसायबिन आणि त्याच चर्चेत येणारं एमडीएमए यांच्या वैद्यकीय चाचण्यांच्या बातम्या येत असतात. त्यांच्याच जोडीला 'ट्रिपसाठी', म्हणजे अंमलातल्या अनुभवासाठी, 'खास संमोहन' म्हणून ध्वनिमुद्रणं फिरतात आणि 'दोन्ही एकत्र घेतलं की परिणाम कितीतरी वाढतो' असं ठासून सांगणारे लोक भेटतात. परिणाम वाढत असावा असं मलाही वाटतं. काळजी वाटते ती त्याचमुळे. म्हणून हा धागा.

कल्पना नवी नाही. जेरोम लेव्हिन आणि अर्नॉल्ड लुडविग या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात तिला उपचारपद्धतीचं रूप दिलं आणि 'हिप्नोडेलिक' असं नाव ठेवलं. एलएसडी हे सायकेडेलिक घेतल्यावर अंमल चढायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात ते रुग्णाला संमोहित करत. त्यामुळे अंमल चढेपर्यंत रुग्णाला उपचारकाच्या आवाजामागे जायची सवय झालेली असे आणि पुढचे काही तास त्याला भरकटू न देता त्याच्या अडचणींभोवती ठेवता येई, असा त्यांचा विचार होता. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी ७० व्यसनाधीन रुग्णांवर पाच पद्धतींची तुलना केली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. एलएसडी, संमोहन आणि संवादोपचार असं तिन्ही मिळालेला गट त्यात पुढे दिसला.

उत्साही लेखांमधली गोष्ट इथेच संपते. लुडविग आणि लेव्हिन मात्र थांबले नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा रुग्णालयात त्यांनी १७६ मद्यासक्त रुग्णांवर मोठा अभ्यास केला. रुग्ण सगळ्याच गटांमध्ये सुधारले, पण हिप्नोडेलिक गट इतरांपेक्षा सरस ठरला नाही. आपल्याच पद्धतीच्या विरोधात जाणारा निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा छापला. या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मूळ मुद्दा. या द्रव्यांनी माणूस सूचनांना जास्त प्रतिसाद देऊ लागतो का? १९६५ मध्ये स्योबर्ग आणि हॉलिस्टर यांनी हे तपासलं. एलएसडी आणि निवडुंगातल्या मेस्कलिनने सूचनाग्राह्यता वाढली, सायलोसायबिनने मात्र तशी वाढलेली दिसली नाही. २०१५ मध्ये रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांच्या लंडनमधल्या गटाने १० निरोगी स्वयंसेवकांना एकदा एलएसडी आणि एकदा निष्क्रिय द्रव शिरेतून दिला. 'हात जड होतोय' अशा धर्तीच्या सूचनांना एलएसडीच्या दिवशी जास्त प्रतिसाद मिळाला. संमोहित करण्याचा कोणताही विधी तिथे केलेला नव्हता. १० माणसं म्हणजे फार थोडी, हे मान्य. तरी एलएसडीपुरती, ५० वर्षांच्या अंतराने, निष्कर्षाची दिशा तीच आहे.

माझं म्हणणं एवढंच, की त्या काही तासांत कानावर पडलेलं वाक्य मात्रेइतकंच महत्त्वाचं असतं. मात्रा मोजून दिली जाते. वाक्य कोण मोजतं?

तटस्थ

चांगला धागा. एक शंका आहे. संमोहन ही वेगळी अवस्था आहे की निव्वळ अपेक्षा, यावर मानसशास्त्रात जुना वाद आहे. सायकेडेलिकच्या अनुभवातही अपेक्षेचा वाटा मोठा असतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३३ विद्यार्थ्यांना सायलोसायबिनसारखं द्रव्य देतोय असं सांगून निष्क्रिय गोळी दिली. मंद रंगीत दिवे, संगीत, चित्रं आणि अंमल चढल्याचा अभिनय करणारे काही सहकारी अशी सगळी तयारी होती. ६१ टक्के विद्यार्थ्यांनी काही ना काही परिणाम जाणवल्याचं सांगितलं. काहींना भिंतीवरची चित्रं हलताना दिसली.

मग संमोहनाने परिणाम वाढला, असं म्हणताना आपण अपेक्षेत आणखी अपेक्षा मिसळतोय का?

शंखपुष्पी

मी चिकित्सा-मानसशास्त्रात काम करते. दुखणं आणि झोप यांच्या तक्रारींसाठी संमोहन वापरते. सायकेडेलिक उपचार मी करत नाही, त्यामुळे माझं बोलणं एका बाजूचं समजा.

तटस्थ, तुमची शंका रास्त आहे, पण अपेक्षेवर सगळं भागत नाही. सगळी माणसं सारखी संमोहित होत नाहीत. १९५९ मध्ये वायट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी स्टॅनफर्डमध्ये संमोहनक्षमतेची मोजपट्टी तयार केली, ० ते १२ गुणांची. थोडी माणसं वरच्या टोकाला, थोडी खालच्या टोकाला आणि बाकीची मध्ये असतात. वर्षानुवर्षांनी पुन्हा मोजलं तरी माणसाचे गुण फारसे हलत नाहीत. नुसती अपेक्षा असती तर ती इतकी टिकली नसती.

दोन्ही अवस्था एकसारख्या आहेत, असा समज या विषयात फार आहे. मला तो पटत नाही. संमोहनात लक्ष आवळून एका जागी येतं. माणूस एका आवाजामागे जातो आणि बाकीचं मागे पडतं. सायकेडेलिकच्या ऐन भरात याच्या उलट घडू शकतं. लक्ष सगळीकडे पांगतं, एका विचारातून दहा फुटतात आणि समोरच्याचं बोलणं अर्धवट ऐकू येतं. लेमर्सिए आणि टरह्यून यांनी २०१८ मध्ये या दोन अवस्थांची सविस्तर तुलना केली. साम्यं बरीच सापडली आणि फरकही. दोन्ही जोडून अभ्यास करावा असंच त्यांनी सुचवलं. पण 'जोडून पाहावं' आणि 'जोडलं की चालतं' यांत अंतर आहे.

म्हणून ऐन भरात संमोहन करण्यापेक्षा आधीची तयारी आणि नंतरची सावरणी यांत त्याचा उपयोग जास्त असावा, असं माझं मत आहे. श्वास सावरणं, भीती आली तर तिच्याकडे पाहून थांबणं, शरीर सैल सोडणं या गोष्टी आधी शिकलेल्या असल्या तर अंमलात आपसूक आठवतात.

निशाचर

मी स्पष्टच विचारतो. मी ध्वनिमुद्रणं ऐकतो, संमोहनाची. एकटा असताना, कधी कधी अंमलाखाली. कुणी समोर बसलेला नसतो, कुणी पैसे मागत नाही, कुणी हात लावत नाही. आवाज मीच निवडलेला असतो. मग यात गैर काय? उपचारक समोर असण्यापेक्षा हे सुरक्षित नाही का?

रानजाई

निशाचर, मोकळेपणाने विचारलंत हे बरं केलंत. माझी अडचण दोन ठिकाणी आहे.

ध्वनिमुद्रणाला तुम्ही दिसत नाही. 'आता आणखी खोल जा' हे त्याचं वाक्य तुम्ही घाबरलेले असतानाही येणार आणि शांत असतानाही येणार. समोरचा माणूस तुमचा श्वास पाहून थांबू शकतो.

दुसरी अडचण निवडीची. आवाज तुम्ही निवडला, पण त्यातलं प्रत्येक वाक्य शुद्धीत बसून, कागदावर उतरवून वाचलंय का? 'तुझं खरं रूप आजवर दडपलेलं होतं', 'जुनी नाती गळून पडू दे' अशी वाक्यं या ध्वनिमुद्रणांत सर्रास असतात. एरवी ती कानावरून जातात. अंमलात ती कुठे जाऊन बसतील हे कुणी सांगू शकत नाही.

एकटं असण्याबद्दल तर सगळेच सांगतील: शुद्धीतला, विश्वासाचा माणूस जवळ हवा. शिवाय एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कलिन आणि डीएमटी ही सगळी सायकेडेलिक द्रव्यं मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहेत. बहुतेक देशांत ती बाळगणं गुन्हा आहे. बाहेरून मिळालेली गोळी नक्की कशाची आहे हेही ठाऊक नसतं.

मुक्तछंद

रानजाई, तुमची काळजी समजते, पण तुम्ही संमोहनालाच आरोपी करताय असं वाटतं. सूचना नसलेला सायकेडेलिक अनुभव असतो तरी कुठे?

आजच्या चाचण्या पाहा. डोळ्यांवर पट्टी, आधीच ठरवलेलं संगीत, दोन प्रशिक्षित माणसं आणि 'विश्वास ठेव, सोडून दे, जे येईल त्याला सामोरा जा' असा सल्ला. ही सूचनाच आहे, फक्त तिला संमोहन म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅथ्यू जॉन्सन यांच्या गटाने धूम्रपान सोडवण्यासाठी सायलोसायबिन वापरलं. २०१४ चा तो अभ्यास. १५ पैकी १२ जण सहा महिन्यांनंतरही धूम्रपानापासून दूर होते. पण त्यांना नुसतं द्रव्य दिलेलं नव्हतं. आठवडेच्या आठवडे समुपदेशन होतं, सोडण्याचा दिवस ठरलेला होता, का सोडायचं याचं वाक्य प्रत्येकाने स्वतः तयार केलेलं होतं. त्यातली किती ताकद द्रव्याची आणि किती त्या वाक्याची?

आणि ही आजची गोष्ट नाही. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात मारिया साबिना ही वैदू रात्रभर मंत्र गात असे. मशरूमचा तो विधी तिच्या आवाजावाचून होतच नसे. तिथल्या लोकांनी द्रव्य आणि आवाज कधी वेगळे केलेच नव्हते. वेगळे आपण केले.

रानजाई

मुक्तछंद, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्याने माझं म्हणणं अधिक नेमकं झालं. गप्प बसणं हीसुद्धा सूचनाच. तेव्हा सूचना हवी की नको हा प्रश्न उरतच नाही. ती कुणी लिहिली, आधी दाखवली का आणि ज्याला ऐकायची आहे त्याने पूर्ण शुद्धीत तिला होकार दिला का, हे विचारायला हवं.

धूम्रपानाच्या अभ्यासातलं वाक्य त्या माणसाचं स्वतःचं होतं. मारिया साबिनाचे मंत्र तिच्या समाजाला ठाऊक होते. ऐकणारा त्या भाषेत आणि त्या श्रद्धेत वाढलेला होता. अनोळखी माणसाने ऐन भरात आयत्या वेळी सुचलेलं काही कानात सांगणं याहून फार वेगळं आहे.

केवडा

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा भाऊ अशाच एका शिबिराला जाऊन आला. नाव घेत नाही. रात्री कसलं तरी पेय दिलं आणि मग चालवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना आडवं करून 'लहानपणाकडे परत जा, कुणी दुखावलं होतं ते बघ' असं बराच वेळ सांगितलं. भाऊ परत आला तो वडिलांशी बोलेनासा झाला. त्याला काहीतरी आठवलंय म्हणतो. काय ते अर्धवट सांगतो, दर वेळी थोडं वेगळं. वडील खचलेत. खरं काय झालं होतं मला माहीत नाही. मी तेव्हा घरातच होते, पण लहान होते. भावाला खोटं ठरवायचं नाही आणि वडिलांना गुन्हेगारही ठरवायचं नाही. काय करावं?

शंखपुष्पी

केवडाताई, तुमच्यावर काय गुदरत असेल याची कल्पना करू शकते. जरा सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट मला हीच वाटते.

संमोहनात आठवलेलं जास्त खरं असतं, हा समज चुकीचा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या परिषदेने १९८५ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं, की संमोहनाने जाग्या केलेल्या आठवणी साध्या आठवणींपेक्षा अधिक भरवशाच्या नसतात. त्यांत कल्पनेने भरलेले तुकडे असू शकतात. घोळ असा होतो, की आठवण चुकीची असली तरी तिच्यावरचा विश्वास मात्र वाढतो.

त्यासाठी संमोहनसुद्धा लागत नाही. स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या बालपणीचे काही प्रसंग घरच्यांनी सांगितले म्हणून वाचायला दिले. त्यांतला दुकानांच्या गर्दीत हरवल्याचा प्रसंग बनावट होता. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना तो पूर्ण किंवा अंशतः 'आठवला'. शुद्धीत, दिवसाउजेडी, कुठलंही द्रव्य न घेता.

यात आता सायकेडेलिकची भर घाला. 'आत्ता मला जे कळलं तेच खरं' ही ठाम जाणीव या अनुभवांत अगदी नेहमी येते. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये गूढ अनुभवांच्या लक्षणांत तिची नोंद केली होती. ही जाणीव खऱ्या गोष्टीला चिकटते तशी खोट्यालाही चिकटते. आतून दोन्ही सारख्याच वाटतात. अशा वेळी 'कुणी दुखावलं होतं ते बघ' या वाक्यात कुणीतरी दुखावलं होतं हे आधीच गृहीत आहे. प्रश्नातच उत्तर घालून दिलंय. प्रशिक्षित उपचारक हे वाक्य उच्चारणारच नाही.

पण दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगते. यावरून भावाची आठवण खोटीच आहे असं ठरत नाही. मुलांवर अत्याचार होतात आणि काहींना त्यांची आठवण फार उशिरा बोलता येते. आठवणीच्या ठामपणावरून खरं-खोटं ठरवता येत नाही, एवढंच संशोधन सांगतं.

आत्ता एवढं करा. 'असं झालंच नाही' किंवा 'झालं असणार' यांतलं काहीच त्याला म्हणू नका. तुम्ही स्वतः प्रश्न विचारून तपशील काढू नका, त्यानेही आठवणी बदलतात. आघातावर काम करणाऱ्या, पण 'दडलेल्या आठवणी काढून देतो' असा दावा न करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला नेता आलं तर पाहा. आणि त्याची झोप फार कमी झाली असेल, तो भराभर बोलत असेल, संशय घेत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर थांबू नका, लगेच मनोविकारतज्ज्ञाला दाखवा.

केवडा

झोप खरंच कमी झालीय. दाखवतो लगेच. खूप आभार. 'प्रश्न विचारून तपशील काढू नका' हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी रोज विचारत होते.

अभ्यासू

शंखपुष्पी यांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली.

इतिहासातलं एक काळं पान इथे आलंच पाहिजे. अमेरिकेच्या सीआयएने १९५३ पासून एमके-अल्ट्रा या नावाखाली जे प्रयोग करवले, त्यांत एलएसडी होतं आणि संमोहनही होतं. माणसाचं मन दुसऱ्याच्या इच्छेने चालवता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. अनेकांना आपल्यावर प्रयोग होतोय हेच ठाऊक नव्हतं. १९७३ मध्ये बहुतेक कागदपत्रं नष्ट करण्यात आली आणि नंतरच्या संसदीय चौकश्यांमधून उरलेलं बाहेर आलं. हुकमी मनुष्य काही त्यांना बनवता आला नाही. उद्ध्वस्त झालेली माणसं मात्र मागे राहिली.

त्याच काळातला एक वेगळा प्रयोगही सांगतो. फोगेल आणि कॅनडातले एब्राम हॉफर यांनी १९६२ मध्ये लिहिलं, की संमोहनाने एलएसडीचा चालू अनुभव थांबवता आला आणि नंतर द्रव्य न देता पुन्हा जागवता आला. एका व्यक्तीवरचा अनुभव तो, त्यावर इमारत बांधू नये. पण घाबरलेल्या माणसाला शब्दांनी शांत करता येतं का, हा प्रश्न मला अंमल वाढवण्याच्या प्रश्नाहून जास्त मोलाचा वाटतो.

निशाचर

माझा प्रश्न इतका पुढे जाईल असं वाटलं नव्हतं. दोन ध्वनिमुद्रणं आज शब्दशः लिहून काढली. एक ठीक आहे, श्वास आणि शरीर एवढंच. दुसऱ्यात 'माझ्या आवाजाशिवाय तुला काहीच नको' असं तीनदा येतं. पुसून टाकलं.

अजून एक विचारायचं होतं. मी गोळ्या घेतो, मनःस्थितीसाठी. त्याचा संबंध येतो का?

शंखपुष्पी

येतो, आणि जवळून येतो. गोळीत लिथियम असेल तर सायकेडेलिकबरोबर आकडीचे झटके आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. नैराश्यावरच्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना आयाहुआस्का हे दक्षिण अमेरिकेतलं सायकेडेलिक पेय घेणं जिवावर बेतू शकतं, कारण त्यात एमएओ, म्हणजे सेरोटोनिन मोडणारं विकर, रोखणारी द्रव्यं असतात. आणि म्हणून आपल्याच मनाने गोळी बंद करणं हेही तितकंच घातक आहे. तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलर (मनःस्थिती टोकाला जाण्याचा आजार) असेल तर चाचण्यांमध्येही अशा लोकांना घेत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना सगळं सांगा, द्रव्याबद्दलसुद्धा. ते रागावतील या भीतीने लपवू नका.

संमोहन एकट्याने वापरायचं असेल तर ते शुद्धीत, काहीही न घेता करा. त्याचा स्वतःचा उपयोग भरपूर आहे.

तटस्थ

माझी सुरुवातीची शंका पुरती गेलेली नाही, पण ती तपासायची कशी हे आता सुचतंय. सगळ्यांची संमोहनक्षमता आधी मोजायची. मग सायलोसायबिनची मात्रा सगळ्यांना सारखी. एका गटाला फक्त संगीत, दुसऱ्याला त्याच आवाजात, तितकाच वेळ, पण साधा मजकूर आणि तिसऱ्याला आधी मान्य केलेल्या संमोहन-सूचना. मोजमाप करणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते ठाऊक नसावं. तिसऱ्या गटाचा फायदा फक्त उच्च संमोहनक्षमतेच्या लोकांत दिसला तर त्याचं श्रेय संमोहनाला देता येईल. सगळ्यांत सारखाच दिसला तर ती अपेक्षा किंवा नुसती जास्तीची सोबत.

रानजाई

आराखडा आवडला. त्यात एक भर घालते. सूचनांचा पूर्ण मजकूर चाचणी सुरू व्हायच्या आधी नोंदवून जाहीर करावा, मात्रा जाहीर करतात तसाच. सत्राचं ध्वनिमुद्रण ठेवावं आणि ठरलेल्याबाहेर बोललं गेलेलं प्रत्येक वाक्य नोंदीत यावं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने, २०२४ मध्ये एमडीएमएच्या उपचाराला मंजुरी नाकारली त्या सुमारास, चाचण्यांच्या खोलीत उपचारकांनी काय केलं आणि काय बोललं यावरही प्रश्न उठले होते. आणि सहभागी माणसाला अंमल उतरल्यावर तो मजकूर पुन्हा वाचायला द्यावा. त्यातलं एखादं वाक्य आता नको असेल तर तसं सांगण्याची सोय असावी आणि त्यासाठी पुढची भेट आधीच ठरलेली असावी.